पोषणशास्त्र म्हणजे पाककृतींचा वर्ग नव्हे

महोदय,

बारावीनंतर मुलगी होम सायन्सला जाणार म्हटले की नातेवाईक 'म्हणजे स्वयंपाकच ना?' असे विचारून मोकळे होतात. माझी पुतणी एसएनडीटी विद्यापीठात होम सायन्सचीच शाखा असलेले पोषणशास्त्र शिकते. ज्वारीच्या पिठातली प्रथिने मोजायची तर पीठ आधी तीव्र सल्फ्युरिक आम्लात तापवून विरघळवावे लागते. मग त्यातला, प्रथिनांतून आलेला नायट्रोजन मोजून सहसा ६.२५ ने गुणायचे, की प्रथिनांचे प्रमाण मिळते. (फोडणीपेक्षा हे नक्कीच जोखमीचे!) हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांतील पोषकघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले, ते अशाच किचकट प्रयोगशाळेतल्या कामातून.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञांना आरोग्य व्यावसायिकांच्या पंक्तीत बसवले खरे. पण मोबाइलवर कुणीही उठतो आणि मधुमेहींना सरसकट 'भात बंद' सांगून पैसे घेतो. आणि रीतसर एमएस्सी केलेल्या मुली मात्र नोकरीसाठी वणवण करतात. सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांतून तयार होणारे हे मनुष्यबळ सरकारनेच वापरावे. सुरुवात ग्रामीण रुग्णालयांपासून करावी आणि तिथे आहारतज्ज्ञाचे पद कंत्राटी नव्हे, कायमस्वरूपी भरावे.

– एक पालक, डोंबिवली