हवाईचं मूळ तारांत नव्हे, शब्दांत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत हवाई बेटांच्या संगीतावर चक्क अर्धं पान पाहून आनंद झाला. पण दोन गोष्टी खटकल्या. लेखात युकुलेलेला तिथलं ‘प्राचीन वाद्य’ म्हटलं आहे आणि ‘अलोहा ओए’ हे गाणं राणी लिलिउओकलानी यांनी कैदेत रचलं, असं लिहिलं आहे.

युकुलेले तसं परवाचंच. ऑगस्ट १८७९ मध्ये मदेरा बेटावरून पोर्तुगीज कुटुंबं उसाच्या मळ्यांत राबायला होनोलुलूला उतरली. त्यांच्याजवळच्या चिमुकल्या तंतुवाद्यावरून ते घडलं. गिटार त्याआधीच आली होती, मेक्सिकोच्या गुराख्यांबरोबर. बेटावरच्या लोकांनी तिच्या तारा सैल करून आपल्या गळ्याला जुळतील अशा लावल्या. या जुळण्या, घराण्यातल्या ठेवणीतल्या चिजांसारख्या, घराबाहेर जाऊ दिल्या जात नसत. पेटी युरोपातून आली म्हणून आपलं नाट्यपद काही विलायती ठरलं नाही!

मूळ शोधायचं तर ते ‘मेले’त, म्हणजे तिथल्या गेय काव्यात. लिपी नव्हती तेव्हा वंशावळी, देवदेवता, डोंगर, अगदी गावोगावच्या पावसाची वेगवेगळी नावंसुद्धा मेलेतूनच तोंडपाठ होत. साथीला भोपळ्याचं वाद्य किंवा शार्कच्या कातड्यानं मढवलेला ढोल. शिवाय ओळीच्या पोटात दुसरा अर्थ दडवायचा, त्याला ‘काओना’ म्हणतात. वरवर फुलाचं गाणं, आत माणसाचं. नाथांची भारुडं ऐकलेल्याला हे वेगळं समजावायला नको.

आता ‘अलोहा ओए’. ते १८७८ सालचं, राणी तेव्हा राजकन्या होत्या. ओआहू बेटावरच्या माउनाविलीत निरोपाची एक मिठी त्यांनी पाहिली, त्यातून सुचलेलं. त्यांची सत्ता उलथवली गेली जानेवारी १८९३ मध्ये, आणि १८९५ मध्ये त्यांना स्वतःच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत डांबलं गेलं. तिथेही त्यांनी गाणी रचली, पण ती वेगळी.

त्या काळाचं खरं गाणं सांगायचं तर ‘काउलाना ना पुआ’. राजदरबारच्या बँडमधल्या वादकांनी नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला, तेव्हा १८९३ मध्ये एलेन प्रेंडरगास्ट यांनी ते लिहिलं. सही करणार नाही, तुमचा पैसा नको, आम्हाला दगड पुरेत, असा त्याचा आशय. म्हणून त्याला ‘दगड खाण्याचं गाणं’ असंही म्हणतात. चाल इतकी हसरी की भाषा न कळणारा माणूस सहज ठेका धरेल. मीही कित्येक वर्षं धरत होतो.

१८९६ मध्ये शाळांतून हवाई भाषा गेली, ती हवाई या अमेरिकी राज्याची अधिकृत भाषा झाली थेट १९७८ मध्ये. मधल्या काळात ती पुष्कळशी गाण्यांनीच जागती ठेवली. १९७० च्या दशकात गॅबी पाहिनुईंसारख्या जुन्या वादकांभोवती तरुण गोळा झाले. काहोओलावे बेटावर अमेरिकी नौदल बाँबफेकीचा सराव करी. त्याविरुद्ध उभा राहिलेला गायक जॉर्ज हेल्म मार्च १९७७ मध्ये त्याच बेटाजवळच्या समुद्रात नाहीसा झाला. गायक इस्राएल कामाकाविवोओले आपल्याकडे इंद्रधनुष्याच्या गाण्यानं माहीत आहेत. ते गाणं ज्या १९९३ च्या अल्बमवर आहे, त्याची सुरुवात आणि शेवट मात्र ‘हवाई ७८’नं होतो: जुने राजे-राण्या आज परत आल्या तर आपल्या पवित्र जमिनीवरचे महामार्ग पाहून त्यांना काय वाटेल, असं विचारणारं गाणं. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

जाता जाता एक विनंती. लिलिउओकलानी यांचे बंधू राजे कालाकाउआ स्वतः गीतकार होते आणि मिशनऱ्यांनी पापी ठरवलेला हुला हा तिथला नाच त्यांनी पुन्हा दरबारात आणला. जगप्रवासात १८८१ मध्ये ते मुंबईलाही येऊन गेले होते. तेव्हाच्या मुंबईतल्या वर्तमानपत्रांनी त्यांच्याबद्दल काय छापलं, ते कुणी धुंडाळून लिहिलं तर वाचायला आवडेल.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली