एकाच सरांकडे तिसऱ्यांदा

ती. बाबा व सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र पोहोचले. बाकी मजकुराचे उत्तर मी आईला फोनवर दिलेच आहे. परंतु ज्या एका प्रश्नाखाली तुम्ही दोनदा रेघ ओढली आहे, त्याचे उत्तर फोनवर देण्यासारखे नव्हते, म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे. ज्या प्राध्यापकांच्या पहिल्याच चाचणीत तुला १०० पैकी ३८ गुण पडले, त्यांचाच विषय तू दुसऱ्यांदा आणि आता तिसऱ्यांदा का घेतलास, असे तुम्ही विचारता. गुणपत्रक तळापासून वर वाचत जाण्याची तुमची सवय मला लहानपणापासून ठाऊक आहे, त्यामुळे ३८ हा आकडा तुमच्या नजरेतून सुटेल अशी आशा मी कधीच धरली नव्हती.

मी इथे आले तेव्हा वरच्या वर्गातल्या मुलांना या सरांविषयी विचारले होते. एकाने सांगितले, संपूर्ण पदवीत एकच विषय मनापासून शिकायचा असेल तर यांचा शीक. दुसऱ्याने सांगितले, पदवी वेळेत हवी असेल तर यांच्या वाटेला जाऊ नकोस. दोघेही सारख्याच ठामपणे बोलत होते आणि दोघेही हुशार होते. त्या वेळी मला वाटले, यांपैकी एकाने अभ्यास केला नसणार. आज तिसऱ्या सत्रात मला असे वाटते की दोघेही खरे बोलत होते. फक्त एक जण तिसऱ्या आठवड्याविषयी बोलत होता आणि दुसरा बाराव्या.

सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पहिल्या तासाला सर हातात चिठ्ठ्यांचा डबा घेऊन आले आणि स्वतःची ओळखही न करून देता त्यांनी प्रत्येकाला एकेक चिठ्ठी वाटली. निम्मे विद्यार्थी ग्राहक, निम्मे विक्रेते. ग्राहकाच्या चिठ्ठीवर तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो आकडा, विक्रेत्याच्या चिठ्ठीवर वस्तूचा खर्च. आणि आपली चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही, एवढाच नियम. माझ्या चिठ्ठीवर ‘विक्रेता, ९’ असे होते. पहिल्या फेरीत आम्ही वर्गभर हिंडून, ज्याला जो भेटेल त्याच्याशी कानाशी लागून सौदे केले. मी पहिल्याच ग्राहकाला १० ला वस्तू देऊन टाकली आणि एक गुण कमावल्याच्या आनंदात जागेवर येऊन बसले, तर शेजारच्या मुलीने तसलीच वस्तू १६ ला विकलेली. दुसऱ्या फेरीपासून सरांनी नियम बदलला. सर्वांनी जागेवरच बसायचे, बोली मोठ्याने लावायची, प्रत्येक बोली आणि प्रत्येक सौदा फळ्यावर लिहिला जायचा. चौथ्या फेरीपर्यंत जवळजवळ सगळे सौदे १३ च्या आसपास होऊ लागले. मग सरांनी डब्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा काढल्या. त्या १३ वरच छेदत होत्या.

हा खेळ त्यांच्या डोक्यातून निघालेला नव्हे, हे त्यांनीच सांगितले. हार्वर्डमध्ये अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी आपल्या विद्यार्थ्यांवर तो करून पाहिला आणि १९४८ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यांच्या वर्गातल्या किमती सिद्धान्ताने सांगितलेल्या जागी स्थिरावल्या नाहीत. त्यांच्या प्रयोगात भाग घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते व्हर्नन स्मिथ. त्यांनी पुढे स्वतः शिकवू लागल्यावर बोली उघड ठेवून आणि फेऱ्या पुन्हा पुन्हा घेऊन तोच प्रयोग केला, तेव्हा किमती समतोलाजवळ, म्हणजे मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा जिथे छेदतात तिथे, जाऊ लागल्या. तो लेख १९६२ चा, आणि २००२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. एवढे पाच मिनिटांत सांगून सरांनी विचारले, ‘वर्ग तोच, चिठ्ठ्या त्याच, मग पहिल्या फेरीत आणि चौथ्या फेरीत एवढा फरक कशाने पडला? तुमच्या या दोन रेषांमध्ये तो कुठे दिसतो?’ कोणीच बोलले नाही. सरही बोलले नाहीत. प्रश्न विचारून दीड-दोन मिनिटे खिडकीबाहेर पाहत उभे राहणे हा त्यांच्या शिकवण्याचा मोठा भाग आहे, आणि ज्यांना ते सहन होत नाही ती मुले दुसऱ्या आठवड्यात विषय बदलून घेतात.

आता ३८ गुणांविषयी. प्रश्न अगदी साधा होता, तुम्हीही कागदावर सोडवून पाहू शकाल. मागणी म्हणजे ३० वजा किंमत, पुरवठा म्हणजे किमतीची दुप्पट. तेव्हा कर नसताना किंमत १० आणि नग २०. आता प्रत्येक नगामागे ३ कर बसवा. एकदा तो ग्राहकाने भरायचा असे समजा, एकदा विक्रेत्याने. आणि ग्राहकांच्या दृष्टीने कोणता कायदा बरा ते सांगा. मी दोन पाने समीकरणे मांडली. ग्राहकाने कर भरायचा असेल तर बाजारातली किंमत ९ येते, विक्रेत्याने भरायचा असेल तर १२. दोन्ही आकडे बरोबर. त्याखाली मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले की ९ ही किंमत १२ पेक्षा कमी असल्याने पहिला कायदा ग्राहकांच्या हिताचा आहे. सरांनी समीकरणांना हातही लावला नव्हता. त्या एका वाक्याशेजारी पेन्सिलीने लिहिले होते: ‘ग्राहकाच्या खिशातून किती गेले?’

मी तावातावाने त्यांच्या भेटीच्या वेळेला गेले. त्यांनी उत्तरपत्रिका माझ्यासमोर ठेवली, समीकरणांवर कोरा कागद झाकला आणि म्हणाले, आता हेच मला चिन्हे न वापरता सांगा. मी सुरुवात केली: ग्राहक दुकानदाराला ९ देतो, आणि वर सरकारला... तिथेच माझी जीभ अडखळली. नऊ आणि तीन बारा. दुसऱ्या कायद्यातही तो बाराच देतो. दोन्ही वेळा विक्रेत्याच्या हाती ९ उरतात आणि विकले जाणारे नग १८ च राहतात. पूर्वीच्या १० च्या तुलनेत ग्राहकावर २ आणि विक्रेत्यावर १ असा भार पडतो. कारण किमतीनुसार मागे हटण्याची सवड विक्रेत्याला अधिक आहे, ग्राहकाला कमी. कराघात (कर कायद्याने कोण भरतो) कुणावर आणि करभार (तो शेवटी कोणाच्या खिशातून जातो) कुणावर, हा भेद मी पाठ्यपुस्तकातून पाठ केलेला होता, त्यावर पूर्वी पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते, आणि तो भेद माझ्याच हातून कागदावर उतरला तेव्हा मला ओळखता आला नव्हता. याची मला त्या दिवशी जेवढी लाज वाटली तेवढी गुणांची वाटली नाही.

निघताना त्यांनी अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्या १९०६ च्या एका पत्राची गोष्ट सांगितली. गणित लघुलिपीसारखे वापरावे, मग ते साध्या भाषेत उतरवावे, प्रत्यक्ष जीवनातली उदाहरणे द्यावीत आणि शेवटी गणित जाळून टाकावे, असा सल्ला मार्शल यांनी संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाउली यांना दिला होता. १८६५ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसऱ्या क्रमांकाने आलेल्या माणसाचा हा सल्ला आहे, हे सर मुद्दाम सांगतात. नाहीतर आमच्यासारख्यांनी त्यातून गणित न करण्याची सोय शोधली असती.

माझ्या मैत्रिणीचा अनुभव याच्या अगदी उलट आहे, तोही सांगायला हवा. ती शुद्ध गणितातून आली आहे. तिचे म्हणणे असे की सर प्रमेयांच्या पूर्ण सिद्धता देत नाहीत, गृहीतके तोंडी सांगतात आणि परीक्षेत मात्र त्याच गृहीतकांवरून अडवतात. त्यात तथ्य आहे. दुसरा एक वर्गमित्र रात्रपाळीची नोकरी करून शिकतो. वर्गातल्या प्रयोगांना गुण असल्यामुळे सकाळचा तास चुकला की त्याचे गुण जात, आणि टिपणे वाचून ते भरून निघत नसत. त्याने ही गोष्ट सरांच्या कानावर घातल्यावर दोन प्रयोग चुकले तरी चालतील अशी सवलत त्यांनी सर्वांना दिली, पण ती सत्र अर्धे उलटल्यावर. तोवर त्याच्यासारखेच दोघे जण विषय सोडून गेले होते. सरांविषयी मला कितीही आदर असला तरी या बाबतीत त्यांची चूक झाली असे मी म्हणेन. ज्यांना इंग्रजीत झटपट बोलता येत नाही, त्यांची त्या दीड मिनिटाच्या शांततेत काय अवस्था होते, हेही त्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो. माझी पहिल्या महिन्यात तीच अवस्था होती.

दुसऱ्या सत्रात मी त्यांच्याकडे अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक विधाने तपासण्याचा विषय, घेतली. संपूर्ण सत्र बव्हंशी एकाच लेखावर गेले, असे म्हटले तर तुम्हाला पैसे वाया गेल्यासारखे वाटेल. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होते तेवढेच राहिले. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी वाढीच्या आधी आणि नंतर दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड उपाहारगृहांची पाहणी करून १९९४ मध्ये असे मांडले की वेतन वाढल्यामुळे तिथला रोजगार घटल्याचे दिसत नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले, त्यामागे असल्याच कामाचा वाटा आहे. सरांनी आम्हाला मूळ आकडेवारी दिली, वर्गाचे दोन गट केले आणि एका गटाने लेखाची बाजू मांडायची, दुसऱ्याने तो पाडायचा, असे ठरवून दिले.

मी पाडणाऱ्या गटात होते. आठवडाभर आम्ही सूत्रांमध्ये चुका शोधत बसलो आणि काही सापडले नाही. शेवटी एका रात्री चारच आकडे कागदावर लिहून पाहिले. न्यू जर्सीत प्रत्येक उपाहारगृहामागे कामगारांची सरासरी (अर्धवेळ कामगार अर्धा धरून) २०.४४ वरून २१.०३ झाली, म्हणजे अर्ध्याहून किंचित अधिक वाढ. पेनसिल्व्हेनियात ती २३.३३ वरून २१.१७ वर आली, म्हणजे दोनांहून अधिक घट. दोन्हींतला फरक सुमारे पावणेतीन. हा पावणेतीनचा आकडा लेखाचा कणा आहे, आणि त्याचा बहुतेक भाग जिथे कायदा बदललाच नाही तिथल्या घसरणीतून आलेला आहे! मग सगळा वाद एका ठिकाणी येऊन थांबतो: कायदा बदलला नसता तर न्यू जर्सीही तेवढेच घसरले असते का? आम्ही जिंकल्याच्या थाटात हे वर्गात मांडले. सरांनी शांतपणे विचारले, ‘ते घसरले नसते, असे तुम्ही कशावरून दाखवाल?’ आमच्याकडे उत्तर नव्हते. आकडे गोळा करण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेऊन डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी २००० मध्ये वेतनपटांच्या आधारे वेगळा निष्कर्ष काढला आणि त्याच वर्षी मूळ लेखकांनी त्याला उत्तरही दिले, ही पुढची हकिगत त्यांनी त्यानंतरच सांगितली. आधी सांगितली असती तर आम्ही ती पाठ करून मोकळे झालो असतो.

या सत्रातला तिसरा विषय म्हणजे असममित माहितीवरचे, म्हणजे सौद्यातल्या एका बाजूला दुसरीपेक्षा अधिक माहिती असते तेव्हा काय होते यावरचे, चर्चासत्र. माझा पहिला निबंध परत आला तेव्हा त्यासोबत दुसरे काही नव्हते. फक्त जॉर्ज अकरलॉफ यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरचा लेख तीन नियतकालिकांनी नाकारल्यानंतर १९७० मध्ये छापला गेला आणि २००१ च्या नोबेलपर्यंत पोहोचला, एवढी आठवण होती. सांत्वन म्हणून ती बरी वाटली. निबंध मात्र पुन्हा लिहावाच लागला, आणि दुसऱ्या वेळीही तो फारसा बरा झाला नाही.

सत्राच्या शेवटी विद्यापीठ आमच्याकडून अध्यापनाविषयी अभिप्राय भरून घेते. सरांना तो नेहमी चांगला मिळतो. एका तासाला त्यांनीच विचारले की हा अभिप्राय कोण भरते. सुरुवातीला आम्ही साठ-बासष्ट जण होतो, शेवटी बेचाळीस उरलो. गेलेल्यांपैकी कोणी अभिप्राय भरलेला नाही. जेम्स हेकमन यांनी, ज्या स्त्रिया नोकरी करतात त्यांच्याच वेतनावरून सर्व स्त्रियांच्या संभाव्य वेतनाचा अंदाज बांधणे कसे फसवे असते ते दाखवून दिले, आणि २००० चे नोबेल त्यांना अशाच कामासाठी मिळाले. सर म्हणाले, तेव्हा माझ्याविषयीचा आकडा तुम्हीच दुरुस्त करून घ्या. बाबा, माझे हे पत्रही उरलेल्या बेचाळिसांपैकी एकीचे आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

आणखी एक बातमी आईला आधी सांगायची राहून गेली. या सत्रापासून पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी सरांची साहाय्यक आहे. चिठ्ठ्या मीच कापते, आकडे मीच लिहिते, आणि चौथ्या फेरीत किंमत कुठे जाईल हे माहीत असूनही दर वेळी श्वास रोखून फळ्याकडे पाहते. गेल्या आठवड्यात चाचणीच्या उत्तरपत्रिका माझ्याकडे तपासायला आल्या. करावरचा प्रश्न तोच, आकडे थोडे बदललेले. चौथीच उत्तरपत्रिका एका मुलीची निघाली: अक्षर सुंदर, समीकरणे बिनचूक, आणि शेवटी ठाम वाक्य की पहिला कायदा ग्राहकांच्या हिताचा आहे. मी पेन्सिल घेतली आणि त्या वाक्याशेजारी प्रश्न लिहिला. उद्या सकाळी साडेदहाला ती मला भेटायला येणार आहे. निरोपावरून बरीच रागावलेली दिसते. टेबलावर कोरा कागद काढून ठेवला आहे.

तुम्ही दोघांनी प्रकृतीची काळजी घ्यावी. धाकट्यास आशीर्वाद.

तुमची,
थोरली