लेकराची बोली कळणारी सहायक व्यक्ती हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाललैंगिक अत्याचाराच्या प्रकरणाची बातमी गुन्हा दाखल होताना येते आणि त्यानंतर एकदम निकालाच्या दिवशी. मधल्या काळात त्या लेकराजवळ कोण असते, याविषयी फारसे लिहिले जात नाही. पोक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांनुसार बालकल्याण समिती पालकांच्या संमतीने बालकासाठी सहायक व्यक्ती, म्हणजे सपोर्ट पर्सन, नेमू शकते. निवृत्तीनंतर मी हे काम केले आहे, म्हणून हे पत्र.

एका मुलीने पोलिसांपुढे सांगितले होते, ‘मी मायले बठ्ठं सांगी दिधं.’ अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळे. परंतु लिहून घेणारे बाहेरच्या जिल्ह्यातले असल्याने कागदावर ‘आईला बसून सांगितले’ असे उतरले. तोवर माझी नेमणूक झालेली नव्हती. पुढे साक्षीत ती ‘सगळे सांगितले’ म्हणाली, तेव्हा हे जबाबात नाही, याकडे बचाव पक्षाच्या वकिलांनी लक्ष वेधले; ते त्यांचे कामच होते. बाहेर व्हरांड्यात माझ्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत तिने एवढेच विचारले, ‘आते माले परत सांगनं पडी का?’

सहायक व्यक्तीने मुलाला साक्ष पढवायची नसते. न्यायालयाची खोली आधी दाखवून आणणे, वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत येतील आणि आरोपी समोर दिसणार नाही अशी व्यवस्था कायद्यातच आहे हे समजावणे, वैद्यकीय तपासणीच्या वेळी सोबत राहणे, जामिनाची माहिती घरच्यांपर्यंत पोहोचवणे, मनोधैर्य योजनेच्या अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कागद नेणे आणि शाळा सुटली असेल तर ती पुन्हा सुरू करून देणे, असे हे काम आहे. यांतले शेवटचे सर्वांत अवघड, कारण गावात बभ्रा झालेला असतो.

कायद्याच्या कलम 38 मध्ये दुभाष्याची तरतूद आहे आणि सहायक व्यक्तीने दुभाषी होऊ नये, हेही बरोबरच आहे. मात्र दुभाष्याची गरज आहे हे कोणाच्या तरी वेळीच लक्षात यायला हवे. धडगाव, अक्कलकुव्याकडील पावरी किंवा भिली बोलणारे मूल मराठी प्रश्नाला नुसती मान हलवते आणि ते होकार म्हणून नोंदले जाते. त्याची बोली जाणणारे माणूस शेजारी असेल, तर हे तिथल्या तिथे थांबते.

पालकांना या मदतीची माहितीच नसते, त्यामुळे ती त्यांच्या मर्जीवर सोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटले आहे. सहायक व्यक्तींची आणि दुभाष्यांची नोंदवही जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवावी, असे नियम सांगतो. जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील कक्षांना विनंती की, या नोंदवहीत प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीला कोणत्या बोली येतात याचा रकाना घालावा, पाड्यांवरील निवृत्त शिक्षिकांना त्यात बोलवावे आणि मानधनासोबत एस.टी.चे भाडेही वेळेवर द्यावे. साक्षीची तारीख पुढे ढकलली गेली, तरी बसचे तिकीट काढलेलेच असते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
शहादा, जि. नंदुरबार