थंडीत गाडी स्टार्ट घेत नाही, तेव्हा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सकाळी गाडी स्टार्ट व्हायला छळते, दुपारी मात्र लगेच चालू होते, म्हणून तू नवी बॅटरी टाकायला निघाला आहेस. जरा थांब. आधी मोजून बघ. आणि मोजायचं ते रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीवरच. इंजिन एकदा तापलं की दोष लपतो, मग गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही आणि अंदाजाने पार्ट बदलले जातात.

पहिलं काम कानांचं. चावी फिरवल्यावर इंजिन जड, रेंगाळत फिरतं, की नेहमीच्या वेगाने फिरतं पण पकडत नाही? जड फिरत असेल तर भानगड करंटची किंवा ऑइलची. नीट फिरून पकडत नसेल तर पेट्रोलची किंवा ठिणगीची, आणि मग बॅटरी बदलून उपयोग शून्य.

जड फिरतंय असं धरू. मल्टीमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवून चावी लावण्याआधी बॅटरी मोज. 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी. अर्धी असेल तर आधी पूर्ण चार्ज कर, नाहीतर पुढचे आकडे फसवे येतील. मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढ, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि कुणालातरी सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारायला सांग. सेल्फ फिरताना व्होल्टेज साडेनऊच्या आसपास टिकायला हवं. शून्य अंशाजवळ 9.1 पर्यंत उतरलं तरी चालतं. भरलेली बॅटरी त्याहून खाली कोसळत असेल तर ती संपत आली आहे, किंवा सेल्फच अडकून जास्त करंट ओढतोय. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा.

खरी गंमत पुढे आहे. बॅटरीवर 11 व्होल्ट टिकलेत आणि तरी इंजिन जड फिरतंय, म्हणजे करंट वाटेत अडतोय किंवा सेल्फच्या आतले कार्बनचे ब्रश झिजलेत. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकव, त्यावर आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर नको, थेट शिशाच्या खांबावर. दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ फिरताना 0.3 व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थची वायर किंवा तिचा जोड खराब. तसंच पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत मोज, तिथे 0.5 पर्यंत चालतं. सेल्फ दीडशे अँपिअर ओढत असेल तर एका ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळाही दीड व्होल्ट खातो. जुन्या गाडीत हा अडथळा बहुधा क्लॅम्पच्या आतल्या काळ्या थरात किंवा इंजिन ते बॉडी या गंजलेल्या अर्थ पट्टीत असतो, आणि वरून सगळं स्वच्छ दिसतं. क्लॅम्प काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना शेवटी. आतून तारेच्या ब्रशने चकचकीत कर, घट्ट आवळ आणि मगच वरून व्हॅसलीन लाव.

ऑइलही बघ. 20डब्ल्यू-50 ग्रेडचं जाड ऑइल कडाक्याच्या थंडीत फार घट्ट होतं. तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असेल, त्यात बसेल ते पातळ ऑइल घे.

इंजिन नीट फिरून पकडत नसेल, तर एक बिनखर्ची चाचणी. पंपाचा फ्यूज काढला असशील तर परत लाव. चावी ऑन कर, मागून पंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर ऐक, बंद कर. असं तीनदा करून मग सेल्फ मार. लगेच चालू झाली तर रात्रीतून पेट्रोलचं प्रेशर उतरतंय: पंपाचा वन-वे व्हॉल्व्ह, प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर किंवा इंजिनात पेट्रोल फवारणारा गळका इंजेक्टर.

त्याने फरक पडला नाही तर माझा पहिला संशय कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टेम्परेचर सेन्सरवर. तो गार इंजिनला गरम सांगतो, कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा बऱ्याचदा लागतच नाही, कारण आकडा कॉम्प्युटरला शक्य कोटीतला वाटतो. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायचा स्कॅनर मिळाला तर पहाटे सेल्फ मारण्याआधी कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी वाच. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखी हवीत. स्कॅनर नसेल तर सेन्सरचा सॉकेट काढून ओहम मोज: बऱ्याच गाड्यांत 20 अंशांना दोन ते तीन किलोओहम, शून्याला पाच-सहा. तुझ्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घे.

शेवटी स्पार्क प्लग. गाडी पकडली नाही की लगेच एक काढून बघ. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर ठिणगी कमजोर, किंवा पेट्रोल ओव्हर झालंय. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मार, बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या तेव्हा पेट्रोल तोडतात.

मोजलंस की सेल्फ फिरतानाचे तिन्ही व्होल्टेज आणि प्लग ओला की कोरडा, एवढं लिहून पाठव.

तुझा,
मिलिंद

ता. क. धाकट्याच्या जुन्या डिझेलचं विचारलं होतंस. त्याचे हीटर प्लग वायर सोडवून एकेक मोज. साधारण एक ओहम किंवा कमी आला तर ठीक, मीटर वायर तुटल्यासारखं (OL) दाखवत असेल तर तो प्लग गेला. सगळे चांगले निघाले तर रिले आणि फ्यूज तपास. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मात्र मारू देऊ नकोस. तो आतच भडकतो आणि पिस्टन फुटू शकतो.