खुन्याचे कारण तेवढे छापता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नांदायला येत नसल्याच्या रागातून पत्नीचा खून’ ही कालच्या पान तीनवरची बातमी वाचली. हे कारण तुम्हाला कोणी सांगितले? पोलिसांनी. पोलिसांना कोणी सांगितले? आरोपीने. जी दुसरी बाजू सांगू शकली असती, ती शवागारात. ती नांदायला का जात नव्हती, हे विचारायला तिच्या आईचे घर तुमच्या वार्ताहराला लांब पडले असावे. ‘मुलगा तसा शांत होता’ हे शेजाऱ्यांचे प्रशस्तिपत्र मात्र आवर्जून छापलेत, त्याबद्दल आभार.

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. कॅज्युअल्टीत एकदा एक सासू सुनेला घेऊन आली. म्हणे घसा बसलाय, औषध द्या. पोरीला थुंकी गिळता येईना, डोळ्यांत बारीक लाल ठिपके. मानेवर वळ नव्हता. गळा आवळला की तो उमटतोच असे नाही. सासूला केसपेपर काढायला पिटाळले तेव्हा पोर बोलली. नवऱ्याने रात्री गळा दाबला होता, ती निपचित पडल्यावर सोडला. डॉक्टरांनी एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, केली. चौकीतल्या हवालदाराने एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून कागद तिच्या हातावर ठेवला आणि मला ऐकवले, “सिस्टर, हाड मोडलं नाही, टाका पडला नाही. नवरा-बायकोचं भांडण, चार दिवसांत गोड होतील.” ती माहेरी गेली. दिवाळीत तो न्यायला आला, ही नाही म्हणाली, आणि अंगणातच त्याने कोयता काढला. तेव्हाही पेपरात (तुमच्याच असे म्हणत नाही) कारण हेच होते: नांदायला येईना.

अहो, घर सोडल्यानंतरचे दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८५ साली हा धोका ओळखण्यासाठी प्रश्नावली तयार केली. त्याही परिचारिकाच, हे मुद्दाम सांगते. पूर्वी गळा दाबलाय का, मारून टाकीन म्हणतो का, पाळत ठेवतो का, तुम्ही वेगळ्या झालात का, असे साधे प्रश्न. गळा दाबला गेलेल्या बाईचा पुढे त्याच माणसाकडून खून होण्याची शक्यता सुमारे सातपट असल्याचे २००८ च्या अभ्यासात दिसले. इंग्लंडने जून २०२२ पासून गळा दाबणे हा स्वतंत्र गुन्हाच केला. आपल्याकडे सगळे ठाणे अंमलदाराच्या मर्जीवर. खुनाच्या प्रयत्नाचे कलम पुस्तकात आहे, पण हाताशी एनसीचे रजिस्टर असते.

वसईच्या श्रद्धा वालकरचे सगळ्यांना आठवत असेल. २३ नोव्हेंबर २०२० रोजी तिने तुळींज पोलिसांना लेखी दिले होते की सोबत राहणारा जोडीदार गळा दाबतो, तुकडे करून फेकीन म्हणतो. पुढे तिनेच वाद मिटल्याचे लिहून दिले आणि कागद फाइलला लागला. अशा वेळी बाई तक्रार मागे घेते ती कशाने, हे पोलिसांना आम्ही शिकवायचे का? मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला, आरोपी तोच जोडीदार. प्रकरण उघडकीला आल्यावर महिनाभरात आपल्या राज्य सरकारने समिती नेमली. कसली? जोडीदार दुसऱ्या धर्माचा, म्हणून आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी! माझ्या कॅज्युअल्टीतले ते जोडपे एकाच जातीचे होते, पत्रिका जुळवून, मांडव घालून लग्न झालेले. त्यांच्यासाठी कुठली समिती?

आणि एक राहिले. त्याच पानावर, त्या बातमीच्या खाली, ‘पती-पत्नी वाद, वशीकरण, २४ तासांत खात्रीशीर उपाय’ अशी बाबाची जाहिरात आहे. त्याचा मोबाइल नंबर चष्म्याशिवाय वाचता येतो. महिला हेल्पलाइनचा १८१ हा आकडा छापायला एक ओळ पुरे, पण त्या ओळीचे पैसे कोणी भरत नाही, असेच ना?

कळावे,
एक निवृत्त परिचारिका, सांगली