'आत्ता काही भरायचं नाही' म्हणजे नेमकं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी विट्याचा, एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, आता रिटायर झालोय. हिशोबाला मी कच्चा नाही हे आधीच सांगतो कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटेल. रात्री डेपोत वेबिल भरताना पाच रुपये कमी आले तर ते स्वतःच्या खिशातनं घालावे लागायचे, त्यामुळे आकडा बघितला की डोकं आपोआप चालतं. तरीपण पोराच्या एज्युकेशन लोनमध्ये मला दोन लाखाचा फटका बसला.

पोरगा २०१९ ला कॅप राउंडमधनं, म्हणजे सरकारच्या प्रवेश फेरीतनं, पुण्याला इंजिनिअरिंगला लागला. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतनं अर्धी ट्युशन फी माफ झाली, पण उरलेली अर्धी, हॉस्टेल, मेस, लॅपटॉप, पुस्तकं हे सगळं धरून वर्षाला दीड लाख लागणार होते. बँकेत गेलो. सहा लाख मंजूर झाले, दरवर्षी दीड-दीड लाख सुटणार. कागदांचा हा एवढा गठ्ठा, सगळा इंग्लिशमधी, जिथं पेन्सिलीनं फुली मारलेली तिथं सही करायची, मी आपला करत गेलो. शेवटी मी एकच प्रश्न विचारला, साहेब हप्ता कधीपासनं? ते म्हणाले कोर्स संपेपर्यंत आणि वर एक वर्ष, आत्ता तुम्हाला काही भरायचं नाही. मी खूश होऊन पेढे घेऊन घरी.

आता इथंच घोळ आहे. 'काही भरायचं नाही' याचा अर्थ मी 'व्याज लागत नाही' असा घेतला, आणि माझ्यासारखे निम्मे बाप असाच घेतात, विचारून बघा कुणालाबी. कागदावर त्याला मोरेटोरियम म्हणतात. या काळात हप्ता थांबतो पण व्याजाचं मीटर पहिला पैसा सुटला त्या दिवसापासनं चालूच असतं. म्हणजे पहिल्या दीड लाखावर पाच वर्षं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. दर मध्ये वरखाली झाला पण हिशोबाला सरळ दहा टक्के धरा, दोन लाख दहा हजार व्याज होतं. २०२४ ला हप्ता सुरू झाला तेव्हा कर्ज सहा लाख नव्हतं, आठ लाख दहा हजार होतं. दहा वर्षांच्या मुदतीला सहा लाखाचा हप्ता ७,९०० च्या आसपास बसतो, आठ लाख दहा हजाराचा १०,७०० बसतो. पोराचा फोन आला, पप्पा तुम्ही तर सहा लाखच म्हणला होता की. काय सांगणार त्याला.

आणि हे तरी साधं व्याज झालं. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत शिक्षणाच्या काळात साधं व्याज धरतात, पण काही कंपन्या तेवढ्या काळातबी व्याजावर व्याज लावतात. तेच सहा लाख महिन्याच्या चक्रवाढीनं काढून बघितले तर व्याज अडीच लाखाच्या वर जातं. म्हणून 'दर किती' एवढंच विचारून उठू नका, मोरेटोरियममध्ये व्याज साधं का चक्रवाढ हे विचारा.

जास्त जीव कशानं जळतो सांगू? पहिल्या वर्षी ते व्याज महिन्याला फक्त १,२५० रुपये होतं! दुसऱ्या वर्षी अडीच हजार. एसटीच्या संपाचे ते पाच-सहा महिने सोडले तर मी ते भरू शकलो असतो, आणि शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट पण देतात. मला कुणी बोललंच नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट पुढं कळली. आईबापाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखाच्या आत असेल, कोर्स टेक्निकल किंवा प्रोफेशनल असेल आणि कॉलेजला नॅक किंवा एनबीए या कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थांचं मानांकन असेल तर या मोरेटोरियमचं सगळं व्याज केंद्र सरकार भरतं. योजना २००९ पासनं आहे. माझा पगार तेव्हा चार लाखाला पण पोचत नव्हता, बायकोचं शिवणकाम धरूनसुद्धा. फक्त तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बँकेत द्यायचा आणि बँकेनं पोर्टलवर मुदतीत क्लेम टाकायचा. मी दाखला दिला नाही कारण मला माहीत नव्हतं, शाखेनं मागितला नाही कारण... ते त्यांनाच माहीत. आता जाऊन विचारलं तर म्हणतात मुदत गेली. शाखेचं नाव लिहीत नाही, तिथली पोरं वाईट नाहीत, चार माणसांचं काम दोघं करत्यात.

दुसरा शब्द 'को-अ‍ॅप्लिकंट'. मला वाटलं साक्षीदारासारखी सही असेल. तर ती सहकर्जदाराची सही, म्हणजे कर्ज जेवढं पोराचं तेवढंच माझं. पोराची नोकरी मध्ये तीन महिने गेली, दोन हप्ते थकले, आणि मी मोटारसायकलीच्या कर्जाला गेलो तर माझाच सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खाली. तवा कळलं.

आता पत्र लिहायचं खरं कारण. धाकटी मुलगी पण इंजिनिअरिंगला आहे, आता दुसऱ्या वर्षाला. २०२४ पासनं आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना कॅपमधनं प्रवेश असेल तर ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, त्यासाठी सरकारचे खरंच आभार. पण पेपरात 'मुलींना मोफत शिक्षण' असं छापून येतं ते वाचून निर्धास्त राहू नका, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस यातलं काही त्यात येत नाही. मॅनेजमेंट कोट्यातनं सीट घेतली तर ट्युशनची माफीपण नाही. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेचं पण विचारून बघितलं, तारण नको जामीनदार नको, आठ लाखापर्यंत उत्पन्नवाल्यांना दहा लाखाच्या कर्जापर्यंत व्याजात तीन टक्के सूट, सगळं चांगलं आहे, फक्त सुरुवातीच्या यादीत देशभरातल्या ८६० संस्था आणि आमच्या पोरीचं कॉलेज त्यात नाही. म्हणून परत साधंच कर्ज, यावेळी तीन लाख. दाखला मात्र यावेळी अर्जासोबतच जोडला, आणि त्यांच्याकडनं पोच घेतली!

चार लाखापर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचं नाही हा रिझर्व्ह बँकेचा नियम. तरी दुसऱ्या एका शाखेत मला विम्याची पॉलिसी ठेवा म्हणले. मी म्हणलं तसं लेखी द्या, तर मग गरज नाही म्हणले. आता यावर काय बोलायचं.

तर सध्याच्या बँकेनं सहीसाठी एक नवीन पान दिलं. त्याला की फॅक्ट्स स्टेटमेंट म्हणतात. रिझर्व्ह बँकेनं १५ एप्रिल २०२४ ला आदेश काढला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासनं नवीन कर्जाला हे पान देणं बंधनकारक आहे. कल्पना एक नंबर आहे, माझ्यावेळी असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. कर्ज किती, दर किती, तो रेपोवर, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या दराबरोबर वरखाली, चालतो का, प्रोसेसिंग फी किती, कर्जासोबत विमा गळ्यात घातला असेल तर त्याचा प्रीमियम किती, हे सगळं मिळवून वर्षाला खरा टक्का किती पडतो ते त्यात लिहावंच लागतं. तो टक्का साध्या दरापेक्षा जास्त दिसला तर फरक कशाचा ते विचारायचं. एसटीच्या भाषेत सांगायचं तर नुसता टप्प्याचा दर नाही, वरचा अधिभार धरून हातात पडणारं तिकीट. आणि या पानात नसलेला चार्ज नंतर तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही.

त्याच आदेशात असंही आहे की हे पान कर्जदाराला समजेल अशा भाषेत पाहिजे, त्याला समजावून सांगायचं आणि समजल्याची सही घ्यायची. मला मिळालं इंग्लिशमध्ये. खाली छापलेलं, तेपण इंग्लिशमध्येच, की वरील माहिती मला माझ्या भाषेत समजावून सांगितली आहे, आणि पुढं तीच पेन्सिलीची फुली! मुलीनं वाचून दाखवलं तेव्हा मला हसू आवरेना. मी साहेबांना म्हणलं मराठीत द्या, ते म्हणाले सिस्टिममध्ये मराठी फॉरमॅट येत नाही. एटीएममध्ये मराठी येतं, मिस्ड कॉल दिला की मराठीत बाई बोलते, आणि दहा वर्षं ज्याचे हप्ते भरायचे तो कागद तेवढा मराठीत येत नाही? मग म्हणाले आजच सही करा नाहीतर प्रोसेस परत करावी लागंल. तेपण खरं नाही, या पानावरची ऑफर कमीत कमी तीन कामाचे दिवस तशीच ठेवावी लागते, हे त्याच आदेशात आहे.

माझी विनंती दोन आहेत. राज्यातल्या बँकांची मिळून जी राज्यस्तरीय बँकर्स समिती आहे तिनं महाराष्ट्रातल्या सगळ्या शाखांमध्ये हे पान मराठीत उपलब्ध करावं, आणि तुम्ही तुमच्या पेपरात त्याचा एक भरलेला नमुना मराठीत छापावा, कॅपची यादी लागते त्या आठवड्यात. यादीच्या शेजारीच छापा म्हणजे लोक कापून ठेवतील.

जाता जाता, ज्यांचे हप्ते चालू आहेत त्यांच्यासाठी. दर बदलता असेल तर आधी पैसे भरायला दंड नाही. आमच्या पोरानं दिवाळीचा बोनस भरला तर बँकेनं तो पुढचे हप्ते म्हणून धरला, मग 'मुद्दलात जमा करा' असा अर्ज दिल्यावर बरोबर झालं. इन्कम टॅक्सची व्याजाची सवलत पण आठच वर्षं मिळते आणि तीसुद्धा जुन्या पद्धतीनं टॅक्स भरला तरच.

मुलीचं ते पान सही न करता आणलंय, टीव्हीखाली ठेवलंय. आज शुक्रवार. सोमवारी परत जाणार आहे, मराठीत दिलं तर तुम्हाला कळवतो, नाही दिलं तरी कळवतो.

आपला,
एक रिटायर एसटी कंडक्टर
विटा, जि. सांगली