एकाच पंपाचं औषध

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "नानानं माझ्याबरोबरच द्राक्षाला औषध मारलं, एकाच पंपानं. त्याचा हात कुठं थरथरतोय? मग माझंच काय चुकलं?" तेव्हापासून मला चैन नाही. बाबा, तुमचं काहीच चुकलेलं नाही.

मिलीबगवर, म्हणजे पिठ्या ढेकणावर, तुम्ही क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मारायचात. ते अंगात गेलं की यकृत आधी त्याला आणखी जहाल करतं, त्याचा 'ऑक्सॉन' बनवतं. हा ऑक्सॉन तोडायला रक्तात एक एन्झाइम, म्हणजे तोडफोडीचं काम करणारं प्रथिन, असतं, पॅराऑक्सोनेज-१. पण ते सगळ्यांकडं सारखं नसतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. त्याच्या साखळीत ५५व्या जागी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनीन आलं, तर रक्तात त्याचं प्रमाणच कमी राहतं. १९२व्या जागी बदल झाला तर तोडायचा वेग बदलतो. सख्ख्या भावांतही हा फरक असू शकतो. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत, म्हणजे तिथल्या द्राक्ष-बदामाच्या पट्ट्यात, आई आणि वडील दोघांकडूनही या जनुकाचा मेथिओनीनवाला प्रकार आलेले आणि अशा औषधांच्या संपर्कात असलेले लोक अभ्यासले, तर त्यांच्यात पार्किन्सनचा, म्हणजे हात थरथरायला लावणाऱ्या या मेंदूच्या आजाराचा, धोका दुपटीहून जास्त दिसला.

तुमचं जनुक आपण तपासलेलं नाही, म्हणून तुमच्या बाबतीत हेच झालं असं मी म्हणत नाही. पण नानाकाकांचा हात स्थिर आहे म्हणून औषध निर्दोष ठरत नाही, आणि तुमचा थरथरतो म्हणून तुम्ही कमजोर ठरत नाही. फवारणी सोडून सात वर्षं झाली, मग आत्ता कसं, असंही तुम्ही विचारलंत. या आजारात मेंदूतल्या, हालचाली सांभाळणारं डोपामीन हे रसायन बनवणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं गुपचूप मरत राहतात. कंप दिसतो तेव्हा त्यांतल्या बऱ्याच गेलेल्या असतात.

आई, मला सारखे ते फवारणीचे कपडे आठवतात. हौदापाशी बसून तू ते उघड्या हातांनी घासायचीस, घरच्या बाकी धुण्याबरोबरच. तुझ्या हातांचा विचार तेव्हा कुणीच केला नाही, मीसुद्धा नाही.

आता पंप दादाच्या पाठीवर आहे. तुम्हा दोघांकडून त्याच्याकडं कुठला प्रकार आलाय, कोण जाणे. या खेपेला हातमोजे, मास्क, गमबूट आणि पूर्ण बाह्यांचे दोन जोड पाठवतेय. ते कपडे त्यानं रानातच उतरवायचे आणि स्वतःच, वेगळे धुवायचे. बाबा, तुम्ही सांगितलंत तरच तो ऐकेल.

तुमची लेक